पेमगिरीच्या वडाखाली एक दिवस

जपानमध्ये मार्च संपत आला की टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत चेरीच्या फुलांचा अंदाज सांगतात. कोणत्या शहरात कोणत्या तारखेला फुले उमलतील, याचा नकाशाच दाखवतात. शहरांच्या बागांत मग तोबा गर्दी होते. पण जाणते लोक आडबाजूच्या खेड्यांत जातात आणि तेही एकाच झाडासाठी. फुकुशिमा प्रांतात मिहारू नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या चेरीच्या झाडाचे वय हजार वर्षांहून जास्त मानतात. त्याच्या फांद्या जमिनीकडे अशा झुकल्या आहेत की फुलांचा धबधबा कोसळतोय असे वाटावे, आणि जपानी भाषेत त्याचे नावही तेच आहे, धबधब्याची चेरी. १९२२ साली जपान सरकारने त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केले.

गिफू प्रांतातल्या निओ खोऱ्यात आणखी एक चेरी आहे. तिचे वय दीड हजार वर्षे सांगतात. तिच्या कळ्या गुलाबी, उमललेले फूल पांढरे आणि गळायच्या वेळी पातळ शाईसारखे करडे, म्हणून नाव उसुझुमी. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे झाड वठत चालले होते. १९४९ साली एका दंतवैद्याने तरुण रानचेरीची २३८ मुळे आणून या म्हाताऱ्या झाडाच्या मुळांवर कलम केली. झाड जगले. आज त्याच्या फांद्यांना जागोजागी लाकडी टेकू दिलेले आहेत आणि भोवती कुंपण आहे, मुळांवर कोणी पाय ठेवत नाही. दंतवैद्याचे बोट मुळांकडे वळावे यात मला फार गंमत वाटते. दात काय आणि झाड काय, मूळ वाचले तरच वरचे वाचते.

सातवीच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, आपल्याकडे असं झाड नाही? की ज्याला बघायला लोक जातात?" मी दोनतीन नावे सांगितली, त्यात पेमगिरी होते. घरी जेवताना हा विषय निघाला आणि माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच अब्बा म्हणतो, ताटावरून मान वर करून म्हणाले, "पेमगिरी? संगमनेरच्या फलाटावर ती पाटी मी किती वर्षं वाचलीय. पण गेलो कधीच नाही."

अब्बा एसटीत चालक होते. पुणे-नाशिक मार्ग त्यांना तळहातासारखा पाठ. संगमनेरच्या स्टँडवर चहा घ्यायचा, गाडी फिरवायची, पुढे जायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे बोलतात. रमजान लागायच्या आधीचा रविवार पकडायचा, असे त्याच रात्री ठरले.

पेमगिरी संगमनेर तालुक्यात आहे. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. आम्ही राहतो सूसला, म्हणजे मुळशी तालुक्यात, पुण्याच्या पश्चिमेच्या कडेला. तिथून वाकड, भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि चंदनापुरीचा घाट उतरला की संगमनेर. तिथून पश्चिमेला वीसेक किलोमीटर. सकाळी फज्र पढून निघालो तर चाकणची कोंडी टळते, एवढा सल्ला अनुभवाचा आहे.

अब्बा पुढच्या सीटवर बसले होते आणि सगळ्या रस्त्याची हजेरी घेत होते. त्यांची हजेरी गैरहजर असलेल्यांची होती. "इथे तीन वड होते. त्यांच्या खाली ऊसवाले बसायचे." पुढे, "इथे चिंच होती, पंक्चर झालं की तिच्या सावलीत गाडी घ्यायचो." हा रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडे गेली. रस्ता रुंद झाला हे चांगलेच झाले, जुन्या रस्त्यावर किती माणसे दगावली हे अब्बांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण जुन्या चालकांच्या डोक्यात किलोमीटरचे दगड नव्हते, झाडे होती. आता त्यांना नारायणगाव आले हे पाटी वाचून कळते.

सडकेच्या कडेला वड लावण्याची रीत आपल्या मुलखात फार जुनी. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचा उल्लेख आहे. शेरशाह सूरीच्या सडकेवर सरायांबरोबर झाडे होती. माणसे आणि जनावरे पायी चालत होती, तेव्हा सावली ही सडकेचाच भाग असायची. महाराष्ट्रात किती वडगावे आहेत ते मोजा! पुण्याच्या भोवतीच वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ. त्या नावांतले झाड आज किती जागी उभे आहे, ते मात्र प्रत्येकाने आपापल्या गावात जाऊन पाहावे.

संगमनेरात नाश्ता केला. प्रवरेच्या काठचे हे गाव शाहीर अनंत फंदींचे. त्यांचे घराणे घोलपांचे, पण मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्यांची दाट मैत्री होती आणि त्यावरून 'फंदी' हे नाव त्यांना चिकटले, असे सांगतात. ब्राह्मण शाहिराने फकिराचे नाव लावावे आणि गावाने ते डोक्यावर घ्यावे, असेही दिवस या गावाने पाहिले आहेत. मुलांना हे गाडीतच सांगून टाकले.

पेमगिरीला दोन गोष्टी पाहायच्या असतात, गड आणि वड. गड लहानसा आहे. वर पेमादेवीचे मंदिर आहे आणि गाडी बरीच वरपर्यंत जाते. पण या गडाचा इतिहास आमच्या मासिकाच्या वाचकांना सांगायलाच हवा. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि अहमदनगरचा निजामशहा कैद झाला. निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरले. त्या धामधुमीत शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा, मुर्तजा, याला याच पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. मूल इतके लहान होते की शहाजीराजे त्याला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसत, अशी लोककथा आहे. हे राज्य १६३६ पर्यंत टिकले. मग मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांनी माहुलीला वेढा घातला, शहाजीराजांना तह करावा लागला आणि ते मूल मोगलांच्या ताब्यात गेले. पुढे शिवरायांनी जे राज्य उभे केले त्याची तालीम इथे झाली, असे काही इतिहासकार मानतात. मुस्लिम राजपुत्र आणि मराठा सरदार एका गडावर, एका गादीसाठी. आजच्या भाषणांतून हे चित्र कोणी दाखवत नाही.

गड उतरून, गावातली जुनी दगडी बारव पाहून आम्ही वडाकडे निघालो. तो गावापासून आत, शेतांमधून गेलेल्या रस्त्यावर आहे. दोन्हीकडे कांदा आणि डाळिंब. लांबून पाहताना झाड दिसतच नाही. दिसतो तो हिरव्या रंगाचा एक ठिपका, मग डाग, मग एक लहानसे रान. माझा मुलगा म्हणाला, "झाड कुठंय? हे तर जंगल आहे." गाडी थांबवून जवळ गेलो तेव्हा त्याला कळले की ते सगळे रान म्हणजे एकच झाड आहे.

किती मोठे? तीन एकरांच्या आसपास जागा या वडाने व्यापली आहे असे सांगतात. मी एकर मोजू शकत नाही. पण एका टोकाकडून आत शिरल्यावर दुसऱ्या टोकाचे ऊन दिसायला वेळ लागला एवढे सांगते. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते आणि आत पाय ठेवताच अंगावरची ओढणी सावरावी असा गारवा. पायाखाली वाळक्या पानांचा थर. वर तांबट पक्ष्याचा टुक् टुक् आवाज, कुठे दिसत नव्हता. काही फळे लाल व्हायला लागली होती. मधोमध जाखाईचे छोटे मंदिर आहे. आम्ही चप्पल काढण्याच्या जागेपलीकडून बाजूने गेलो.

अब्बा एका आडव्या फांदीखाली बसले. फांदी म्हणायची ती जुन्या घराच्या तुळईएवढी. तिला खालून चार पारंब्यांनी उचलून धरले होते. त्या पारंब्याही आता पारंब्या राहिल्या नव्हत्या, खोडे झाली होती. अब्बांनी विचारले, "यातलं मूळ झाड कोणतं?"

तिथे शेळ्या घेऊन आलेले एक वयस्कर शेतकरी होते. ते हसले आणि म्हणाले, "ते कोणाला सांगता येत नाही, चाचा. पारंब्याच खोड झाल्या, खोडांना पुन्हा पारंब्या. आमच्या बापालाबी ठाऊक नव्हतं."

वडाचे हे वेगळेपण आहे. चेरीचे झाड एका खोडावर जगते. ते खोड पोखरले की जपानी माणसाला टेकू आणि कलमे करावी लागतात. वड आपले टेकू आपणच तयार करतो. आडवी फांदी जड होते, तिच्यातून दोरीसारखी पारंबी सुटते, ती हवेतला ओलावा घेत खाली येते आणि जमिनीला टेकली की तिला माती मिळते. मग ती जाड होते आणि फांदीला पाणी पुरवू लागते. काही दशकांत मूळ खोड कुजले तरी झाडाला फरक पडत नाही. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला सुप्रसिद्ध वड याचे उत्तम उदाहरण आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या खोडाला जखमा झाल्या, त्यात बुरशी शिरली आणि अखेर १९२५ साली ते मूळ खोड कापून काढावे लागले. झाड आज हजारो पारंब्यांवर उभे आहे आणि वाढते आहे. त्याच्या भोवती बांधलेला रस्ताही त्याने ओलांडला.

वडाचे वय सांगणे कठीण असते ते यामुळेच. थंड प्रदेशातल्या झाडांसारखी स्पष्ट वार्षिक वलये वडात नसतात, आणि जे सगळ्यात जुने लाकूड ते तर कधीच मातीत गेलेले असते. म्हणून जुन्या लोकांनी वय मोजण्याच्या भानगडीत न पडता पसारा मोजला. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या म्हसव्याच्या वडाची मोजणी १८८२ साली ली-वॉर्नर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केली होती. सावलीचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर ५९५ फूट, पूर्वपश्चिम ४४२ फूट. ही नोंद पुढे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतही गेली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी टेप घेऊन झाडाभोवती फिरले, म्हणून आज आपण तुलना करू शकतो. शाळेत मुलांकडून हे काम सहज करून घेता येते. मी तरी घेणार आहे.

बच्चे कंपनीला मी वडाचे फळ फोडून दाखवले. वडाला फुले येत नाहीत असे बहुतेक मुलांना वाटते. फुले असतात, पण त्या फळाच्या आत, बंद खोलीत. एक अगदी बारीक माशी, केसाच्या टोकाएवढी, फळाच्या तोंडाच्या भोकातून आत शिरते, परागण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्ले पुढे बाहेर पडून दुसऱ्या वडाकडे जातात. प्रत्येक जातीच्या वडा-उंबराची माशी वेगळी. ती माशी नसेल तर बी नाही. सूरह तीनमध्ये ज्या अंजिराची शपथ आहे तो अंजीर याच कुळातला, वडाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ. फळे पिकली की तांबट, मैना, हरियाल, धनेश आणि रात्री वटवाघळे येतात. वटवाघळाच्या मराठी नावातच वड आहे, हे शिकवताना मुले नेहमी खूश होतात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, नाहीतर भिंतीच्या फटीत पडते आणि नवा वड तिथूनच सुरू होतो.

उर्दूत आम्ही याला बरगद म्हणतो आणि पारंब्यांना बरगदची दाढी. इंग्रजी नावाची कथा मात्र इराणच्या किनाऱ्यावरची आहे. बंदर अब्बासजवळच्या एका अशा झाडाखाली गुजरातचे बनिये व्यापारी बसत आणि पूजा करत, म्हणून युरोपियन प्रवाशांनी झाडालाच 'बन्यान' म्हणायला सुरुवात केली. हिंदुस्थानच्या झाडाला त्याचे जगभरातले नाव अरबी-फारसी समुद्राच्या व्यापारातून मिळाले.

आता जे खटकले तेही लिहायला हवे. काही पारंब्यांना मुले लोंबकळून झोके घेत होती. जमिनीपर्यंत न पोहोचलेली पारंबी कोवळी असते, तिचे टोक तुटले की तिची वाट तिथेच अडते. एका खोडावर चाकूने नावे कोरलेली, त्यात बदाम. झाडाच्या आत एका ठिकाणी तीन दगडांची चूल आणि काळवंडलेली माती. थर्मोकोलच्या पत्रावळ्या. आमच्याच सारखी गाडी करून आलेली माणसे ही. लोक जिथे सावलीला बसतात ती जागा घाण करणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये किती कडक शब्द आहेत, ते मी मुलांना तिथेच समजावले आणि आम्ही एक पिशवी भरून पत्रावळ्या गोळा केल्या. शेळीवाल्या चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "माणूस येतो त्याचं काय नाही. सगळी एकाच वाटेनं येतात, तिथली माती दगड होते." ते शेतकरी होते म्हणून त्यांना हे दिसले. हजारो पावलांनी माती दाबली गेली की पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. जपानमधल्या त्या चेरीभोवती कुंपण आहे ते फुलांसाठी नसून या मातीसाठी आहे.

तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्लालमर्री नावाचा असाच प्रसिद्ध वड आहे. त्याच्या सावलीत एका बाजूला मुस्लिम संतांची मजारही आहे. माणसांच्या वर्दळीने आणि वाळवीने तो पोखरला. एक मोठी फांदी कोसळली तेव्हा तिथे पर्यटकांना बंदी करण्यात आली. २०१८ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी दवाखान्यात लावतात तशा सलाईनच्या बाटल्या झाडाला टांगून थेंबाथेंबाने वाळवीचे औषध दिले आणि पडत्या फांद्यांना आधार दिले. पारंब्या जमिनीपर्यंत जाव्यात म्हणून नळ्यांत माती आणि खत भरून त्यातून त्या खाली सोडल्या. झाडाला पुन्हा पालवी फुटली.

जोहरची वेळ झाली होती. त्या चाचांनी जवळच्या शेतातला पंप चालू करून दिला. आम्ही वजू केली आणि सावलीच्या बाहेर, बांधावर चटई टाकून नमाज पढली. परतल्यावर अब्बांनी त्यांना डब्यातली खिमा-पाव आणि शिरखुर्म्याची वाटी देऊ केली. त्यांनी शिरखुर्मा घेतला, खिमा नको म्हणाले, मंदिराच्या जवळ आहोत म्हणून. अब्बा म्हणाले, "मग आम्हीही इथे नाही खाणार." सगळे उठून गाडीजवळ गेलो आणि डबा तिथे उघडला.

या सगळ्याचा आमच्या घराशी संबंध आहे तो असा. सूस हे वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत शेतीचे गाव होते. आता पाषाण-सूस रस्त्याने जाताना इमारती मोजायच्या तर मान दुखते. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे ज्वारी होती, आणि त्या शेताच्या बांधावरचा एक वड बांधकामात कसाबसा वाचून आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याच्या मुळांनी भिंतीला तडा दिला आहे. पार्किंगमधल्या गाड्यांवर पक्ष्यांची घाण पडते. पावसाळ्यात पानांनी गटार तुंबते. तक्रारी खोट्या नाहीत. मागच्या सर्वसाधारण सभेत झाड काढण्यासाठी अर्ज करायचा ठराव आला आणि बहुमताने मंजूरही झाला. मी आणि आणखी चार घरे विरोधात होतो.

दर वटपौर्णिमेला आमच्या इमारतीतल्या भगिनी याच वडाला सूत गुंडाळतात. झाड काढायला हात वर करणाऱ्यांत त्यांतल्याही काही होत्या. एकीने मला सांगितले, "बाजारात फांदी मिळते ना, ती कुंडीत लावून पूजा करू." त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांची गाडी रोज धुवायची वेळ त्यांच्यावर येते, माझ्यावर नाही. पण बाजारातली फांदी येते ती कुठल्यातरी दुसऱ्या वडाची असते, एवढे मी त्यांना सांगितले.

कायदा आहे. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला आता पुरातन वृक्ष म्हटले जाते, ते तोडायला वेगळी, कडक छाननी लागते आणि तोडलेच तर झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात. योगायोग असा की त्याच २०२१ सालच्या जूनमध्ये, ३० तारखेला, सूससह २३ गावे पुणे महापालिकेत आली. म्हणजे आमच्या वडाचा प्रश्न आता महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो, झाडावर नोटीस लागते, हरकती घेता येतात.

हरकत घ्यायची तर वय दाखवावे लागते. इथेच पेमगिरीचा धडा कामी येतो आणि अडतोही. वडाची वलये सांगत नाहीत, घेर मोजला तर पारंब्या खोडाला चिकटून तो फुगलेला असतो. मग उरतात माणसे. गावठाणातल्या दोन आजी आहेत, एक सत्तरीच्या पुढची, दुसरी ऐंशीच्या. दोघींना या वडाखाली भाकरी खाल्ल्याचे आठवते, एकीला तर लग्न होऊन सूसला आल्यावर पहिल्या पेरणीच्या दिवसापासून. त्यांचे म्हणणे मी कागदावर उतरवून घेतले आहे, तारखा जुळवून. जुना सातबारा आणि त्यावरच्या झाडांच्या नोंदी शोधण्याचे काम माझे पती करत आहेत. ज्यांच्या गावात असे झाड असेल त्यांनी नोटीस लागायची वाट न पाहता हे आधीच करून ठेवावे. म्हाताऱ्या माणसांची आठवण हा या बाबतीत सगळ्यात नाजूक पुरावा आहे.

अब्बांचा मार्ग वेगळा निघाला. पेमगिरीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते काठी टेकत त्या कोपऱ्यात गेले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून घेतले. भिंत कापायची, झाड नाही, असे त्यांचे म्हणणे. मुळाच्या जागी चार फूट भिंत काढून तिथे लोखंडी जाळी लावायची. पार्किंगवर येणाऱ्या दोन फांद्या प्राधिकरणाची परवानगी घेऊन हलक्या करायच्या. रिकाम्या बाजूला तीन पारंब्या उतरत आहेत, त्यांना नळी लावून मातीत सोडायचे म्हणजे झाडाचा तोल भिंतीकडून सरकेल. शेवटचा मुद्दा त्यांनी पिल्लालमर्रीवरून उचलला. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "चाचा, खर्चाचं पत्रक द्या, पुढच्या सभेत ठेवतो." पत्रक तयार आहे. जाळी, गवंडी आणि नळ्या मिळून आकडा झाड तोडायच्या आणि लाकूड उचलायच्या कोटेशनपेक्षा कमी आला, हे मलाही अपेक्षित नव्हते. सभा ईदनंतर आहे. अर्ज अजून मागे घेतलेला नाही.

ज्यांना पेमगिरीला जायचे असेल त्यांनी शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. वटपौर्णिमेला आणि सुट्टीत गर्दी असते. फळे पाहायची तर फेब्रुवारी ते मे, गारवा हवा तर पावसाळा उलटल्यावर. सोबत पाणी भरपूर घ्या. आत चूल पेटवू नका, डबा घरून न्या आणि रिकामी पिशवी परत आणायला. मुलांना टेप द्या, पारंब्या मोजायला लावा, पण जमिनीपर्यंत पोहोचलेल्या वेगळ्या आणि हवेत लोंबणाऱ्या वेगळ्या. गडावर जायचे असेल तर सकाळी आधी गड करा, कारण वडाच्या सावलीत एकदा बसले की पुन्हा उन्हात उठून जायला कोणी तयार होत नाही. आमच्याकडे अब्बांना उठवायला तीन वेळा हाक मारावी लागली.